सागाचे वय आणि साहेबांची बदली

जुलैच्या पहिल्या तारखेला खड्डे तयार असतात. शेजारी मातीचा ढीग, ढिगाला टेकलेली काळ्या पिशवीतली रोपे आणि रोपांहून उंच फलक. पाहुणे येतात, पिशवी कोणीतरी आधीच फाडून ठेवलेली असते, भर पावसातही झारीने पाणी घातले जाते आणि फोटो निघतो. 1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेला वन महोत्सव आता पाऊणशे वर्षांचा झाला. महाराष्ट्राने त्याला आकड्यांची जोड दिली. 2016च्या 1 जुलैला एका दिवसात 2 कोटी झाडे, त्यानंतरच्या तीन वर्षांत 4, 13 आणि 33 कोटी, अशी उद्दिष्टे जाहीर झाली. त्यातली किती जगली यावर विधिमंडळापासून पारापर्यंत सगळीकडे बोलून झाले आहे; तो पाढा इथे पुन्हा म्हणायचा नाही.

या आठवड्यात आम्हाला आठवण येते ती एका पुस्तकाची. राज्याच्या दप्तरी नोंदलेले वनक्षेत्र 61 हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे राज्याच्या भूभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. यातले बरेचसे जंगल कोणी खड्डे खणून लावलेले नाही. ते बियांतून, खोडक्यांतून, जुन्या मुळांतून आपले आपण उभे राहिले आहे. त्याचे पुढच्या दहा वर्षांत काय करायचे, हे दर वनविभागासाठी एका जाडजूड ग्रंथात लिहिलेले असते. मराठीत त्याला ‘कार्य आयोजना’ म्हणतात. खात्यात मात्र शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ‘वर्किंग प्लॅन’च म्हणतात. त्याचा महोत्सव होत नाही. तो लिहायला वेगळा अधिकारी, वेगळे कार्यालय आणि मोजणीची वेगळी पथके असतात, आणि लिहून झाल्यावर तो कपाटात जातो.

ग्रंथाचा पहिला भाग माहितीचा. खडक कोणता, पाऊस किती, झाडे कोणती, गावांचे निस्तार हक्क कोणते, मागच्या आयोजनेत काय ठरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. दुसरा भाग आदेशांचा. सगळे जंगल कक्षांत विभागलेले, कक्षांना क्रमांक, कटाईच्या कक्षांत कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडलेले. कोणता कूप कोणत्या वर्षी, किती घेराच्या वरचे झाड तोडायचे, बांबू कुठे काढायचा, नदीकाठच्या कोणत्या पट्ट्याला हात लावायचा नाही, जाळरेषा कुठून जाणार. हे सगळे सरकारी उपचार म्हणून सोडून देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेशिवाय जंगलात कटाई करता येत नाही. म्हणजे हे पुस्तक जंगलाची घटनाच म्हणायला हवी, फक्त ते इंग्रजीत असते आणि ज्यांच्या दारात हे जंगल उभे आहे त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलेही नसते.

गेल्या मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या अशाच एका क्रमांकाच्या कक्षात जाण्याचा योग आला. सोबत वनखात्याचे एक अधिकारी होते आणि जवळच्या गावचा एक साठीचा माणूस. सागाच्या खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि त्यावर कक्षाचा आकडा. जमीन काळी, पाचोळा जळून गेलेला. त्या काळ्या जमिनीतून हाताच्या बोटाएवढी, दोन-चार पानांची सागाची कोंबे वर आली होती. आम्ही सहज म्हटले, ‘ही यंदाची रोपे दिसतात.’ तो माणूस हसला. खाली बसला, कुऱ्हाडीच्या पात्याने एका कोंबाभोवतीची माती खरवडली. खाली मनगटाएवढे जाड, गाठीगाठींचे मूळ होते. ‘वरतून पोट्टा, खालतून बुडगा,’ तो म्हणाला.

सागाची ही रीत वनशास्त्राला चांगली ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात जमिनीवरची आग कोंब जाळते, दर पावसाळ्यात मूळ नवा कोंब पाठवते आणि मधल्या काळात स्वतः जाड होत राहते. असे पाच, आठ, दहा वर्षे चालते. एखाद्या उन्हाळ्यात आग आली नाही, किंवा कोंब आगीच्या आवाक्याबाहेर गेला, की मग त्याचे झाड होते. मोजणीच्या पथकाला हा कोंब ‘रोप’ म्हणून दिसतो. तो किती वेळा मेला आहे, हे मोजायला दर वर्षी तिथे यावे लागते.

‘कोण जाळते?’ अधिकाऱ्यांनी विचारले. माणसाने पंधरा पावलांवरच्या मोहाकडे बोट केले. ‘आमचाच मोह आहे तो.’ मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली आग लावतात आणि वारा तिला पुढे नेतो. तेंदूचे पान कोवळे यावे म्हणून बुटा कटाई होते, त्यातही पुष्कळदा काडी ओढली जाते. त्याने काही लपवले नाही, पश्चात्तापाचा सूरही लावला नाही. मग म्हणाला, यंदा घरच्या बायांनी मोहाखाली झाडून घेतले, जाळले नाही; ही आग पलीकडून आली. वनवणवा प्रतिबंधावर कुठल्याही आयोजनेत सविस्तर प्रकरण असते. त्या कक्षातल्या आगीचा पत्ता मात्र एका माणसाच्या बोटावर होता.

साग तोडणीच्या घेराला यायला कमीत कमी साठ-सत्तर वर्षे लागतात. आयोजना दहा वर्षांची. सरकारी नोकरीत एका जागी साधारण तीन वर्षे. गणित सोपे आहे: एका सागाच्या आयुष्यात सात आयोजना आणि वीसेक साहेब होऊन जातात. यात साहेबांचा दोष नाही. त्यांतले कित्येक रात्री-अपरात्री वणवा विझवायला स्वतः धावलेले असतात. पण त्यांनी रंगवलेल्या झाडाचे पुढे काय झाले हे पाहायला त्यांच्यातला कोणी परत येत नाही. दीर्घ मुदतीच्या नियोजनातला खरा पेच आम्हाला हाच वाटतो. भविष्याचा अंदाज चुकणारच, तो सगळ्यांचाच चुकतो. चुकला हे कळायला तिथे कोणीतरी राहिलेले असावे लागते.

अंदाज कसा चुकतो, याचे एक उदाहरण मुंबईशी नाते सांगणारे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारच्या सागाची जहाजे बांधत. 1817 साली इथे पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभी आहे. पुढे मलबारचा साग तुटत गेला, तेव्हा तिथला जिल्हाधिकारी कॉनोली याने 1840च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. सागाचे बी सहज रुजत नाही. ती खटपट चातू मेनन या अधिकाऱ्याने यशस्वी करून दाखवली. हेतू जहाजांच्या लाकडाचा होता. ती झाडे वीस वर्षांची होण्याआधीच, 1860 साली, इंग्लंडने लोखंडी बांध्याची युद्धनौका पाण्यात सोडली. हेतू वाहून गेला, झाडे राहिली. त्या लागवडीचा पावणेसहा एकरांचा तुकडा आज चालियार नदीच्या काठी जपलेला आहे आणि लोक सहलीला जाऊन त्या झाडांना कवेत घ्यायचा प्रयत्न करतात. योजना फसली असे याला म्हणावे की साधली, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्याकडचा जुना दाखला वन महोत्सवाच्या भाषणांत हमखास येतो: रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. आरमाराला लाकूड लागते, ते परवानगीने तोडावे; आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. भाषणे बहुधा इथे थांबतात. आज्ञापत्र पुढेही काही सांगते: एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती करू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या मजकुरात झाडाचा काळ आणि झाड राखणाऱ्याची संमती या दोन गोष्टी एका दमात आल्या आहेत. नंतरच्या दोन शतकांत त्यांची फारकत झाली.

ती कशी झाली, हेही पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानात वनांची मोजदाद शास्त्रीय पायावर आणली डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. 1856च्या सुमारास ब्रह्मदेशातल्या पेगूच्या जंगलात हत्तीवर बसून, लाकडाच्या पट्ट्यांवर चाकूने खाचा पाडत, त्याने घेरानुसार सागाची शिरगणती केली. दर वर्षी किती मधली झाडे मोठ्या घेरात जातात ते काढायचे आणि तेवढीच मोठी झाडे तोडायची, असा हिशेब. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचे, हे किराणा दुकानदारालाही पटेल असे शास्त्र. 1864 साली ब्रँडिस देशाचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याच्यानंतरचे दोघेही जर्मनच. पण याच ब्रँडिसचे दुसरे म्हणणे असे होते की सरकारी राखीव वनांसोबत गावांची स्वतःची वनेही असावीत आणि ती गावांनी सांभाळावीत. ते त्याच्या सहकाऱ्यांना मानवले नाही. 1878च्या कायद्याने सरकारचा ताबा घट्ट केला. ग्रामवनाचे कलम कायद्यात राहिले, 1927च्या कायद्यातही आहे, पण फारसे कागदाबाहेर आले नाही. ब्रँडिसच्या खाचा आपण घेतल्या, त्याचे गाव वगळले.

वगळल्याने काय होते, ते बांबूने दाखवून दिले. माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबू का संपतो आहे याचा अभ्यास केला. त्या भागातल्या काटेरी बांबूच्या बेटाभोवती बुंध्याशी काट्यांचे जाळे असते. नवीन कोंबांना मोकळीक मिळावी म्हणून ते जाळे साफ करावे, असा खात्याचा नियम होता. कागदावर नियम शहाणपणाचाच दिसतो. साफसफाई झाल्यावर कोवळे कोंब उघडे पडले आणि गुरे, वानरे, साळिंदर ते खाऊन टाकू लागले. गावकरी स्वतःसाठी बांबू तोडताना ते काटे कधी काढत नसत, कारण पुढच्या पावसात त्यांना त्याच बेटाकडे यायचे असे. नियम लिहिणाऱ्याला यायचे नव्हते.

गडचिरोलीतला बांबूही दशकानुदशके दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याकडे जात होता. बांबूच्या बेटाचे नियम तसे थोडे आणि स्पष्ट आहेत: यंदाच्या कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, जुनी काठी जमिनीलगतच्या पेराच्या वर तोडायची, कंद खणायचा नाही, पावसाळ्यात बेटात शिरायचे नाही, कारण तेव्हा कोंब फुटत असतात. या कोंबांची, वास्त्यांची, भाजी झाडीपट्टीत आवडीने खातात, म्हणजे त्यांचा मोहही तिथल्यांनाच जास्त. बंडलावर मजुरी मिळणारा बाहेरचा मजूर बेटाच्या कडेची, हाताला येणारी काठी आधी तोडतो आणि मधला गुंता तसाच राहतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला बंडल मोजून मिळणार आहेत, बेट नाही.

2006चा वनहक्क कायदा आला आणि 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात तो अगदी पहिल्यांपैकी. पण बांबू हे ‘झाड’ की ‘गवत’ यावर घोडे अडले. वाहतुकीचा परवाना कोण देणार, हा खरा प्रश्न होता. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात जाऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मेंढ्याची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. तिथली चालीरीत मात्र फारशी कोणी पाहत नाही: निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत विषय बाजूला राहतो. फार वेळखाऊ पद्धत, हे खरे. पण सत्तर वर्षांच्या झाडाबद्दल ठरवताना दोन महिने थांबल्याने काय बिघडते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण आणखी टोकदार आहे. 2012 साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगल मिळाले. त्यांनी बांबू विकायला घेतला आणि तेंदूपाने तोडणे बंद केले. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला हातात पडणारा रोख पैसा. विदर्भातली कित्येक घरे त्यावर शाळेच्या फीपासून लग्नापर्यंत निभावतात. तो पैसा या गावाने सोडला, कारण पानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि आग लावली जाते. हे कलम कोणत्याही खात्याच्या आयोजनेत घातले असते तर मोर्चे निघाले असते. इथे ज्यांचे नुकसान, त्यांनीच ठरवले.

गाव म्हणजे साधुसंतांचा मेळा, असा आमचा समज नाही. हक्क मिळाल्यावर कंत्राटदाराच्या सांगण्यावर चालणाऱ्या ग्रामसभा आहेत, अतिक्रमणाकडे काणाडोळा करणाऱ्या आहेत. गावांचे व्यवस्थापन आराखडेही कधी कधी एकाच साच्यातून काढलेले दिसतात. नाव बदलले की झाला दुसऱ्या गावाचा. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले, त्यांतल्या प्रत्येकाकडे मेंढ्यासारखी अभ्यासगटांची सवय कुठून येणार? नकाशा, उपग्रहाची चित्रे, रोगराईची ओळख, लाकडाचे आकारमान काढण्याची कोष्टके हे खात्याचे बळ आहे आणि ते टाकून देणे वेडेपणाचे ठरेल.

म्हणूनच 2012 साली वनहक्क नियमांत झालेली एक दुरुस्ती आम्हाला महत्त्वाची वाटते. ग्रामसभेच्या समितीने आपल्या जंगलाचा आराखडा करावा आणि समितीला आवश्यक वाटतील त्या फेरफारांसह तो खात्याच्या आयोजनेशी जोडावा, असे ती सांगते. जोडण्याचा अर्थ सध्या बहुतेक ठिकाणी ‘परिशिष्टात चिकटवणे’ असा होतो. दोन्ही कागद एकमेकांशी बोलत नाहीत. एकात कक्ष क्रमांक आहेत, दुसऱ्यात डोंगर-नाल्यांची नावे. कक्षाच्या आकड्याशेजारी गावचे नाव लिहिण्याएवढे काम जरी झाले, तरी निम्मी भांडणे मिटतील, कारण ती भांडणे नेमकी कोणत्या जागेबद्दल आहेत हेच दोघांना कळत नसते.

आणि भविष्य काही कोणाच्या आराखड्याची वाट पाहत थांबत नाही. 2021च्या ऑक्टोबरमध्ये रानहत्तींचा कळप छत्तीसगडमधून गडचिरोलीत शिरला आणि राहिला. असा पाहुणा गृहीत धरून कोणी कूप आखले नसणार. धान तुडवले गेले, घरे पडली, माणसे गेली, आणि वनरक्षकांना रातोरात हत्तीची भाषा शिकावी लागली. अशा वेळी दहा वर्षांनी उघडायचे पुस्तक कामाला येत नाही. दर वर्षी ज्यात चार ओळी भरल्या जातात, अशी वही लागते.

अशी वही आहे. तिला कक्षाचा इतिहास म्हणतात आणि प्रत्येक कक्षासाठी ती ठेवायची असते: कोणत्या वर्षी काय काम झाले, आग कधी लागली, रोपे किती उभी राहिली. ब्रँडिसच्या खाचांचे हे आजचे रूप. पुढची आयोजना लिहिणारा याच नोंदींवरून मागच्या दहा वर्षांचा आढावा घेतो. यंदाच्या वन महोत्सवात सरकारकडे आमचे मागणे लहान आहे, त्याला नवे उद्दिष्ट नको, वेगळा निधीही नको. नव्या आयोजनेतला ‘मागे काय ठरले आणि काय झाले’ हा भाग मराठीत, शक्य तिथे गोंडी-माडियात, मंजुरीआधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि कक्षाच्या वहीची एक प्रत गावात ठेवावी, जिथे बदलीचा आदेश येत नाही.

त्या मे महिन्यातल्या दिवशी आम्ही ती वही पाहायला मागितली होती. अधिकारी सज्जन, त्यांनी ती गाडीतून काढून आणली. शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची होती. ते जरा ओशाळले. ‘मी फेब्रुवारीतच हजर झालो,’ म्हणाले. मग त्या साठीच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारले, ‘काका, इथे मोठी आग कोणत्या साली लागली होती?’ काकांनी उत्तर लगेच दिले नाही. आधी लेकीचे लग्न आठवले, मग त्या वर्षीचा दुष्काळ, मग नाल्यापलीकडचा बांबू फुलल्याचे साल, आणि तिथून मागे मोजत आगीपाशी आले. अधिकाऱ्यांनी बॉनेटवर वही टेकवली, पेनाचे टोपण दातात धरले आणि लिहू लागले. ऊन चढेपर्यंत दीड पान झाले. मग काका म्हणाले, पलीकडचाही कक्ष माहीत आहे, पण तिथे गाडी जात नाही. अधिकाऱ्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही चालू लागलो.